पुलाच्या पोटातील तार आणि तिची परीक्षा

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या बेज्जूरची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून द्यावयास नको. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक त्या भागात आहे. सागाची राने, कापसाची शेते, तेलुगू, गोंडी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी चालणारा आठवडी बाजार, आणि पलीकडे प्राणहिता. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम झाल्यावर जी नदी होते तिचे हे नाव. पुढे कालेश्वराजवळ ती गोदावरीस मिळते. अलीकडची थडी तेलंगणाची, पलीकडची गडचिरोलीची. सरकारी नकाशात ही दोन राज्यांची सीमा असेल. आमच्या घराण्यांच्या लेखी मात्र ती माहेर आणि सासर यांच्यामधली नदी होय.

आमच्या एका आत्याबाईंना पलीकडे अहेरीच्या बाजूस दिले होते. उन्हाळ्यात वाळूतून गाडी उतरे, हिवाळ्यात नाव चाले; पण आषाढ लागला की दोन महिने माहेर तुटे. आमच्या आजोबांचे देहावसान श्रावणातले. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती, नावाड्याने नाव ओढून झाडाला बांधून ठेवली होती. निरोप पलीकडे पोहोचला तेव्हा येथे तेरावा उरकला होता. आत्याबाई पुढे पुष्कळ वर्षे जगल्या, पण "अप्पांचं तोंड पाहायला मिळालं नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी सुटले नाही.

अलीकडे गूडेम आणि अहेरी यांच्या दरम्यान प्राणहितेवर पूल झाला. आम्ही प्रथम त्यावरून गेलो ते आमच्या भाच्याबरोबर. पुलाच्या मध्यावर गाडी थांबवून आम्ही कठड्याशी उभे राहिलो, आत्याबाईंचे स्मरण केले आणि रिवाजाप्रमाणे नदीत एक नाणे टाकले. भाचा बांधकाम-साहित्याच्या परीक्षणाचे काम करतो. तो म्हणाला, "मामा, लोक नदीला नाणं टाकतात ते ठीकच आहे. पण आजकालच्या लांब गाळ्यांच्या बहुतेक पुलांना ज्या पोलादी तारा पोटातून आवळून धरतात, त्यांची आठवण कोणी काढत नाही. एकदा काँक्रीटमध्ये गेल्या की त्या पुन्हा कोणाला दिसत नाहीत."

त्याच्या त्या बोलण्यावरून आम्हाला जी जिज्ञासा लागली तिचे फळ म्हणजे प्रस्तुत लेख. विषय कारखान्यातला आणि प्रयोगशाळेतला आहे खरा, परंतु ज्या घरातील माणसे पुलावरून ये-जा करतात त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे, असे आमचे मत झाले आहे.

बैलगाडीची धाव

काँक्रीट हा मोठा एकांगी पदार्थ आहे. त्यावर भार ठेवा, ते दगडासारखे सोसते. त्याला ओढा, ते लगेच चिरते. दाब सोसण्याची त्याची जी शक्ती, तिच्या सुमारे एक दशांशच ताण सोसण्याची शक्ती त्याच्यात असते. आणि तुळई म्हटली की ताण आलाच. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईवरून ट्रक जाऊ लागला की ती किंचित वाकते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. त्या खालच्या भागात लोखंडी सळ्या घालणे हा झाला नेहमीचा उपाय. सळ्या ताण घेतात, पण काँक्रीटला बारीक तडे पडतातच; आणि गाळा लांब झाला तर तुळई इतकी जाड करावी लागते की तिला स्वतःचाच भार असह्य होतो.

यावर दुसरा उपाय काय, हे आपल्या खेड्यातल्या लोहाराला आणि सुताराला ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवताना ती चाकाच्या घेरापेक्षा जरा तोकडीच करतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव निवते, आक्रसते आणि आरे व पुठ्ठे यांना चहूकडून आवळून धरते. गाडीवर भार येण्याच्या आधीच चाक दाबात असते. म्हणून खाचखळग्यांतून जाताना त्याचे सांधे उघडत नाहीत.

पूर्वप्रतिबलित काँक्रीट, ज्याला इंजिनिअर मंडळी प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतात, ते याहून निराळे नाही. तुळईत आरपार नळ्या ठेवायच्या, काँक्रीट घट्ट झाले की त्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवायचे, जॅक लावून ते जबर ताणायचे आणि टोकांना पाचरी ठोकून तसेच अडकवून टाकायचे. ताणलेली तार आखडू पाहते. पाचरी तिला आखडू देत नाहीत. म्हणून ती सारी तुळई दोन्ही टोकांकडून दाबून धरते. पुढे वाहनांचा भार येतो तेव्हा खालच्या भागात येऊ पाहणारा ताण आधीच्या या दाबातून वजा होतो. तडा पडण्याचे कारणच उरत नाही. नंतर नळ्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात, त्याला ग्राउट म्हणतात. कारखान्यात करावयाच्या लहान तुळयांत याच्या उलट क्रम असतो. तार आधी ताणतात आणि काँक्रीट तिच्याभोवती मागाहून ओततात.

साधे लोखंड का चालत नाही

ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अमेरिकेत आणि जर्मनीत काहींना सुचली होती. त्यांनी साध्या लोखंडी सळ्या ताणून पाहिल्या. प्रारंभी सारे ठीक दिसे, पण काही महिन्यांनी आवळलेपण नाहीसे होई आणि तुळई पुन्हा सामान्य तुळईसारखी होऊन बसे. हे का होते याचा उलगडा फ्रेंच इंजिनिअर यूजेन फ्रेसिने यांनी केला. १९११ च्या सुमारास त्यांनी ल वर्द्र येथे काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला. पूल वाहतुकीस खुला झाल्यावर त्या कमानी हळूहळू खचू लागल्या आणि फ्रेसिने यांना जॅक लावून त्या पुन्हा उचलाव्या लागल्या. सततच्या दाबाखाली काँक्रीट वर्षानुवर्षे आखूड होत राहते, हे त्यांना त्या भयाण अनुभवाने शिकवले. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

हिशेब असा आहे. एक मीटर लांबीची साध्या लोखंडाची सळई बेताच्या ताणाने ताणली तर ती अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबते. इकडे काँक्रीटही वाळल्याने आणि दाबाने मीटरमागे साधारण तेवढेच आखूड होते. म्हणजे जे कमावले ते सारे गेले. आता अतिउच्च शक्तीची तार घ्या. तिला इतके ताणता येते की ती मीटरमागे साडेसहा मिलिमीटरपर्यंत लांबते. त्यातून काँक्रीटने आपला वाटा नेला तरी बहुतांश पुंजी शिल्लक राहते. ज्याच्या गाठीशी पुष्कळ असते त्याला थोडी तूट सोसते, हा प्रपंचातला न्याय येथेही लागू पडतो.

भारतात महामार्गावरील पहिला प्रीस्ट्रेस्ड पूल म्हणून चिंगलपेटजवळच्या पालार नदीवरील पुलाचा निर्देश होतो. तो १९५४ चा. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत देशभर अशा पुलांचे जाळे पसरले आहे.

सात तारांचा पीळ

आज सर्वत्र वापरतात तो स्ट्रँड सात तारांचा असतो. मध्ये एक तार सरळ आणि तिच्याभोवती सहा तारा पीळ घेतलेल्या. मधली तार बाकीच्यांपेक्षा किंचित जाड असते, म्हणजे भोवतालच्या सहाजणी तिला घट्ट मिठी मारू शकतात. या तारेच्या पोलादात सुमारे पाऊण ते पाऊणाहून थोडा अधिक टक्का कार्बन असतो. तापवून, वितळलेल्या शिशाच्या कुंडातून किंवा तशाच अन्य उपायाने ठराविक वेगाने थंड करून त्याची घडण आधी एकसारखी करतात. मग सोनार जंत्रीच्या लहान लहान भोकांतून सोन्याची तार ओढतो तशी ही सळई थंड असतानाच एकाहून एक बारीक साच्यांतून ओढून काढतात. प्रत्येक ओढीबरोबर तार बारीक होते आणि तिची शक्ती वाढते. शेवटी पीळ घालून, ताणलेल्या स्थितीतच तापवून तिला निववतात. या शेवटच्या संस्काराने तारेची पुढे सैल पडण्याची खोड पुष्कळशी मोडते.

१५.२ मिलिमीटर व्यासाचा असा स्ट्रँड हाताच्या करंगळीएवढा दिसतो. मीटरभर तुकड्याचे वजन सव्वा किलोच्याही आत भरते. परंतु तो तुटावयास, भारतीय मानक १४२६८ च्या वरच्या वर्गाप्रमाणे, निदान २६०.७ किलोन्यूटन, म्हणजे साडेसव्वीस टनांच्या वर ओढ लागली पाहिजे. माल भरलेला ट्रक उभा टांगता येईल एवढे हे बळ. तेवढ्याच जाडीची घरबांधणीतली चांगली सळई याच्या कितीतरी आधीच हार मानू लागते.

परीक्षेची खोली

भाच्याच्या आग्रहावरून आम्ही हैदराबादेतील एका प्रयोगशाळेत ही परीक्षा प्रत्यक्ष पाहिली. खोलीच्या मध्यभागी पुरुषभर उंचीहून मोठे एक यंत्र. त्याच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांत मीटरभराहून थोडा लांब तुकडा धरलेला. भोवती जाड जाळीचा पिंजरा. आम्हाला जाळीपासून चांगले दूर उभे केले होते, आणि ते योग्यच होते, हे पुढे कळले.

परीक्षेचा पहिला कठीण प्रश्न तारेचा नसून जबड्यांचा आहे. जबड्यांचे दाते तारेत रुततात. रुतले की तेथे खाच पडते. आणि तार आपल्या खऱ्या शक्तीला पोहोचण्यापूर्वीच त्या खाचेत तुटते. असे झाले आणि ठरलेला आकडा आला नाही, तर दोष तारेचा की पकडीचा, हे सांगता येत नाही. ती परीक्षा बाद समजून नवा तुकडा घ्यावा लागतो. म्हणून जबडे आणि तार यांच्यामध्ये मऊ ॲल्युमिनियमची पट्टी घालतात. भाचा म्हणाला, "तारेला न दुखवता घट्ट धरता आलं पाहिजे. अर्धी विद्या यातच आहे."

मग यंत्र सुरू झाले. तारेवर सहाशे मिलिमीटर अंतरावर लांबीचे मापक लावले होते. ओढ वाढत चालली तशी पडद्यावरची रेघ सरळ वर चढू लागली. येथपर्यंत तार सोडून दिली तर ती पुन्हा मूळ लांबीवर आली असती. पुढे रेघ वाकू लागली. हे वाकणे कोठे सुरू होते याची नोंद फार महत्त्वाची. त्यासाठी मानकात निराळा आकडा दिलेला आहे, २३४.६ किलोन्यूटन. त्यानंतर तार लांबत राहते आणि ओढ थोडीथोडी वाढते. तुटण्यापूर्वी तिने निदान साडेतीन टक्के लांबून दाखवावे, अशी अट आहे. न लांबता एकाएकी तुटणारी तार कितीही बळकट असो, ती पुलात चालत नाही. कारण ती संकटाची सूचना देत नाही.

आणि मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. आम्ही दचकलो. सातही तारा पीळ सोडून विस्कटल्या होत्या. आकडा अपेक्षेहून वर होता. भाच्याने तुटलेली टोके हातात घेऊन आम्हाला भिंगातून दाखवली. चांगल्या तारेचे टोक तुटताना आधी बारीक झालेले असते. एका बाजूस वाटीसारखी खोलगट आणि दुसऱ्या बाजूस तिच्यात बसेल असा शंकू. तार ताणाखाली नमली, लांबली आणि मग तुटली, हे त्यावरून कळते. टोक जर बारीक न होता सपाट तुटलेले असेल तर पोलादात दोष, किंवा पृष्ठभागावर खड्डा, किंवा गंज आहे असा संशय घ्यावा लागतो. आकडा बरोबर आला तरी टोक पाहिल्यावाचून सही करू नये, हा त्याच्या गुरूंनी घालून दिलेला दंडक आहे.

सव्वा महिन्याहून चार दिवस अधिक

या परीक्षेला दहा मिनिटे पुरतात. दुसरी परीक्षा मात्र धीराची आहे. तंबोरा सुरात लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी छेडला तर तारा उतरलेल्या सापडतात. खुंटी हललेली नसते, लांबी तीच असते, तरी ताण कमी झालेला असतो. पुलातली तारही अशीच उतरते. किती उतरेल हे आधी कळले नाही तर तुळईचा सगळा हिशेब चुकतो.

म्हणून तारेचा तुकडा त्याच्या तोडणाऱ्या भाराच्या ७० टक्के भाराने ताणून, लांबी कायम ठेवून, १००० तास तसाच ठेवतात. १००० तास म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास. बाळंतिणीच्या सव्वा महिन्याहून चार दिवस अधिक. आणि बाळंतिणीच्या खोलीसारखीच येथेही वाऱ्याची, उष्म्याची काळजी घ्यावी लागते. खोलीचे तापमान २० अंशांवर, दोन अंश इकडे किंवा तिकडे एवढ्याच फरकाने, राखायचे असते. बाहेर मे महिन्यात तेलंगणाचे ऊन तापत असताना आत ही थंडी अखंड ठेवणे म्हणजे काय, हे गृहिणींना निराळे सांगायला नको. इतक्या दिवसांत ताण अडीच टक्क्यांहून अधिक उतरता कामा नये. ज्यांना एवढा वेळ नसतो त्यांच्यासाठी १०० तासांची परीक्षा आहे. तीत मर्यादा १.८ टक्के. वाचकांच्या ध्यानात आले असेल की पहिल्या १०० तासांत १.८ आणि पुढच्या ९०० तासांत जेमतेम ०.७ एवढीच मोकळीक आहे. तारेची उतार आरंभी वेगाने होते आणि पुढे मंदावते. त्या मंदावण्याच्या वळणावरूनच पुढल्या पन्नास-शंभर वर्षांचा अंदाज बांधतात.

तिसरी परीक्षा पुलावरच होते, आणि ती प्रत्येक तारेची होते. जॅकने तार ताणताना एकीकडे दाबाचे घड्याळ पाहायचे आणि दुसरीकडे पट्टीने मोजायचे की तार किती बाहेर आली. चाळीस मीटर लांबीच्या तुळईतील तार सुमारे पाव मीटर बाहेर येते. घड्याळ आणि पट्टी यांचे एकमत झाले पाहिजे. पाच टक्क्यांपलीकडे फरक आला तर काम थांबवून कारण शोधायचे. दाब पूर्ण झाला पण तार पुरेशी लांबली नाही, तर ती नळीत कोठेतरी अडकली आहे. अपेक्षेहून जास्त लांबली, तर पाचर सरकली असेल किंवा एखादी तार आतच तुटली असेल. दोन साक्षीदार निरनिराळे उभे करून त्यांची जबानी ताडून पाहण्यासारखे हे आहे.

मांडवीचा धडा

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एवढ्या परीक्षा झाल्यावर चिंता कसली? याचे उत्तर गोव्यात मिळते. पणजी येथे मांडवीवर बांधलेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो पुरता वीस वर्षांचाही झाला नव्हता. पूल गेल्याने पणजी आणि उत्तरेकडील गावे यांच्यामधली वाट पुन्हा फेरीबोटींवर आली. भरपावसात लोकांना रांगा लावून उभे राहावे लागले. ज्या घरांनी पुलाच्या भरवशावर शाळा, दवाखाने आणि नोकऱ्या पैलथडीस धरल्या होत्या, त्यांच्या हालांची कल्पना प्राणहितेकाठच्या आम्हा लोकांना चांगलीच येऊ शकते. चौकशीअंती जे कारण पुढे आले ते पोटातल्या पोलादी तारांचे गंजणे. खाऱ्या हवेने आणि पाण्याने आत शिरून तारांना पोखरले होते. पुढे मांडवीवर नवे पूल झाले. जानेवारी २०१९ मध्ये तेथे अटल सेतूही खुला झाला. पण जुन्या पुलाचा धडा भारतातील इंजिनिअरांनी विसरू नये असाच आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असे नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील इनिस-इ-ग्वास येथला १९५३ चा लहानसा पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता पडला. सांध्यांतून वितळणाऱ्या बर्फावर टाकलेले मीठ झिरपले होते. अशा अनुभवांनंतर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ग्राउट भरलेल्या तारांचे नवे पूल बांधणेच काही वर्षे थांबवले. इटलीत जिनोआ येथला मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, ४३ माणसे दगावली. तेथेही काँक्रीटमध्ये गुंडाळलेल्या तारांच्या गंजाकडे बोट दाखवले गेले.

साधी सळई गंजते तेव्हा फुगते, काँक्रीट फोडते, लाल डाग पाडते. म्हणजे ओरडून सांगते. ताणलेली तार मात्र मुकाट्याने जाते. घट्ट ओढून धरलेल्या कापडाला कात्रीने कडेला एवढीशी चीर दिली की ते टर्रकन फाटते; सैल कापडाला तीच चीर काही करीत नाही. तारेवरचा गंजाचा बारीकसा खड्डा म्हणजे ती चीर होय. म्हणूनच परदेशी प्रयोगशाळांतून अमोनियम थायोसायनेट नावाच्या क्षाराच्या ५० अंश उष्ण द्रावणात ताणलेली तार ठेवून ती किती तास टिकते हे पाहण्याची परीक्षा रूढ झाली. ज्या तारा हवेत सारख्याच बळकट दिसतात, त्यांचे अंतरंग त्या कढत पाण्यात निराळे ठरते.

मांडवीच्या तारांची पहिल्या दिवशीची शक्ती कितीही असती तरी पुढल्या पावसाळ्यांची ग्वाही तिच्यात नव्हती. प्रयोगशाळेतील परीक्षा तार त्या दिवशी कशी होती ते सांगते. उद्या ती कशी राहील हे नळीत भरलेल्या ग्राउटवर, वरच्या बाजूस राहिलेल्या पोकळीवर, पुलावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळावर आणि वर्षांमागून वर्षे लक्ष ठेवणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.

सही करणारा हात

आमच्या भाच्याने त्याच्या उमेदीच्या दिवसांतील एक हकीकत आम्हाला सांगितली. कोणत्या कामावरची, ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. स्ट्रँडची काही वेटोळी पावसात उघड्यावर पडून राहिली होती. त्यांच्या कारखान्याचा दाखला चोख होता. नवे तुकडे यंत्रात घातले असता आकडेही मर्यादेच्या वरच आले. वेटोळ्यांवर गंज दिसत होता. थोडा पुसट गंज कापडाने पुसला की जातो आणि तो चालतो, हा नियम. परंतु पुसून पाहिल्यावर काही ठिकाणी नखाला लागतील असे खड्डे उरले. वरिष्ठ म्हणाले, "साहेब, आकडा पास आहे. आत गेल्यावर कोणाला दिसणार आहे?"

"कोणाला दिसणार नाही, म्हणूनच मी सही करत नाही," असे हा म्हणाला. वेटोळी परत गेली. नवी येईपर्यंत काम तीन आठवडे थांबले आणि पावसाळा जवळ आल्याने सगळ्यांचा रोष याच्यावर आला. पुढे त्याला त्या कामावर ठेवले नाही. आमच्या बहिणीने तेव्हा त्याला पत्रातून पुष्कळ समजावले होते, की संसार नवा आहे, जरा जुळवून घेत जा. परवा पुलावर उभे असताना ती गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी चुकले होते रे."

आपल्या घरांतून आता पुष्कळ मुलेमुली इंजिनिअर होत आहेत. त्यांच्या कामातले सर्वांत अवघड क्षण नकाशाच्या मेजावर येत नाहीत. ते अशा एखाद्या पावसाळी सकाळी, चिखलात, हातात कापडाची चिंधी धरून उभे असताना येतात. त्या वेळी घरून जाणारे पत्र कोणत्या बाजूचे असावे, याचा विचार आईबापांनी आधीच करून ठेवलेला बरा.

आणि जे इंजिनिअर नाहीत त्यांनाही काही करता येते. पुलावरच्या पाणी जाण्याच्या वाटा मातीने, प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजलेल्या दिसल्या, तुळईच्या बुडाशी ओल किंवा तांबूस ओघळ दिसले, सांध्यातून पाणी झिरपताना दिसले, तर ते संबंधितांना लिहून कळवावे. ते एक पोस्टकार्ड पुलाच्या आयुष्यात काही वर्षे घालू शकते.

त्या दिवशी परतताना बेज्जूरच्या वाटेवर अंधार पडला. गूडेमच्या पुलावर पलीकडून एक जीप आली. आत बाळंतपणाला माहेरी निघालेली एक लेक, मांडीवर गाठोडे घेऊन बसली होती. नदी पावसाने फुगलेली होती, पण जीप थांबली नाही. आत्याबाईंच्या काळी ती श्रावणात निघालीच नसती. आम्ही खिडकीतून खाली पाहिले, खिशातून आणखी एक नाणे काढले आणि या वेळी ते नदीला वाहताना, कुठल्या तरी थंड खोलीत एक्केचाळीस दिवस तारेजवळ बसून राहणाऱ्या अनोळखी माणसाचे नाव मनात घेतले. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून नुसता नमस्कार केला.